टेकूची ओळ

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात वापरतात. एवढ्यावरून माझा अशा गोष्टींवर किती विश्वास आहे ते कळेल. तरी लिहितेय... कारण तो कागद अजून माझ्याकडे आहे.

२००६ची गोष्ट. नाशिकला, अंबडमध्ये, हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी मशीनची मॅन्युअल्स लिहायचे. कामाची पद्धत आमच्या बोरस्ते सरांनी बसवलेली. सुरक्षेच्या सूचना एकाच कॉमन फाईलमध्ये ठेवायच्या. प्रत्येक मॅन्युअलमध्ये फक्त त्या फाईलचं नाव लिहायचं, प्रिंट काढताना मजकूर आपोआप आत येतो. सर म्हणायचे, "त्या फाईलला हात लावण्याआधी मला विचारत जा. तू एक ओळ बदलतेस, तिकडे चाळीस मशीनचं पुस्तक बदलतं." मी मनात म्हणायचे, झालं पुराण सुरू.

मग सर अचानक गेले, हार्ट अटॅकने. विचारायला कोणी उरलंच नाही.

चार महिन्यांनी नवीन मॉडेल आलं. यात वरची प्लेट आपोआप लॉक होते, टेकू लागत नाही, असं डिझाईनवाल्यांनी सांगितलं. आणि मी — घाई, दुसरं काय — थेट कॉमन फाईलमधूनच ती ओळ उडवली: 'साचा बदलताना वरच्या प्लेटखाली लोखंडी टेकू लावा.' खरं तर त्या एका मॉडेलपुरता अपवाद करायला हवा होता. सेव्ह केलं, प्रिंट काढली आणि न वाचताच शॉपवर, मशीन जोडतात तिथे, पाठवून दिली.

जेवणाच्या सुट्टीनंतर शॉपमधून धाडकन आवाज आला. धावत गेले. नव्या प्रेसची वरची प्लेट सुटून खाली आली होती आणि टेकूवर अडकली होती. तिच्याखाली आमच्या फिटरचे, खैरनारभाऊंचे, दोन्ही हात... धडधाकट. एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारा हा सटाण्याकडचा माणूस पांढराफटक पडला होता.

टेकू लावायला कोणी सांगितलं, मी विचारलं.

"तुम्हीच ना मॅडम. पुस्तकात लिहेल हाय."

त्यांनी तेलकट अंगठ्याने पान दाखवलं. 'साचा बदलताना वरच्या प्लेटखाली लोखंडी टेकू लावा. या मॉडेललासुद्धा.'

टेबलाशी येऊन फाईल उघडली, तर ओळ नाही. पुन्हा प्रिंट काढली, त्यातही नाही. फाईल माझ्याच पीसीवर होती, सरांचा पीसी केव्हाच फॉरमॅट होऊन स्टोअरला गेलेला. ओळ उडवल्याचं मी कोणाला बोललेही नव्हते. मग मी खुर्चीत बसून लहान मुलासारखी रडले आणि ती ओळ परत टाइप केली. शेवटचे दोन शब्द मात्र टाकले नाहीत. ते माझे नव्हते.

प्लेट का पडली ते दोन दिवसांत कळलं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून लॉक लागलंच नव्हतं. ते शब्द कुठून आले हे आजवर कोणीही सांगू शकलेलं नाही, आणि मीही आता शोधणं सोडलंय. पण कॉमन फाईल उघडली की आधी हात जोडते आणि हळूच विचारते... सर, बदलू का?