छापील मांजर आणि आमचा कापूस

मी काही लिहावे अशी माझी योग्यता नाही, हे प्रथमच कबूल करतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी अक्षर काढलेले नाही. ज्या काही रेघा ओढल्या त्या नांगराच्या फाळाने, काळ्या मातीत. मी कॉलेजात आलो म्हणून मला लिहिता येत असेल, असा माझ्या बरोबरच्या मुलांचा समज झाला आहे. तो चुकीचा निघाला तर त्यांनी मला क्षमा करावी. चूक मीच आधी सांगितली होती, एवढे लक्षात ठेवावे.

तर, आमच्या घरचा त्या वर्षीचा सगळा कापूस एका मांजरामुळे पडून राहिला. मांजर पाळलेले नव्हते. छापलेले होते.

आमचे गाव दर्यापूरच्या बाजूला. मी उमरावतीच्या इंग्रजी शाळेत पहिल्या वर्गात होतो. तिकडे समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला असा भाव आला की आमच्या शेजाऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे करून घेतली. (बैल बिचारे ओशाळून मान खाली घालून चालत.) आमच्या घरात तर पाय ठेवायला जागा नव्हती. माजघरात कापूस, ओसरीवर कापूस, देवापुढे कापूस. माय भाकरी वाढायची तेव्हा तिच्यावरचे बोंडाचे तूस आधी फुंकायची आणि मग ताटात टाकायची. या कापसावर बाबांचे दोन बेत होते: एक नवी बैलजोडी आणि दुसरा मी. कापूस चांगला विकला गेला तर मी पुढे शिकणार होतो. नाही तर नांगर होताच, तो कुठे पळून जात नव्हता.

नाताळची सुट्टी लागली तेव्हा आमच्या मास्तरांनी हुकूम केला, "घरी रोज एक धडा मोठ्याने वाचायचा. वडीलधाऱ्या माणसाला समोर बसवून वाचायचा. आणि रोज एक पान कित्ता गिरवायचा!"

मी हा हुकूम जसाच्या तसा घरी सांगितला. इथूनच सगळे बिघडले.

आमच्या घरी मोठ्याने वाचणे म्हणजे पोथी वाचणे. वाचनाचा दुसरा प्रकार बाबांनी पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक काढतो तो बाबा ओरडले, "अरे, आंग धुतलं का? बिनाआंघोळीचा पोथीले हात लावून राहिला?"

"बाबा, हे शाळेचं पुस्तक हाय."

"मंग? पंतोजीनं वाचाले सांगतलं नाई का? जाय, आंग धू!"

मी परत येईपर्यंत मायने पाट मांडला होता, पुस्तकाला लाल फडक्यात गुंडाळून वर हळदकुंकू वाहिले होते, आणि कापसापासून लांब अंगणात उदबत्ती लावली होती. शेजारपाजारची माणसे हात जोडून बसली होती. सगळ्यांच्या पुढे तात्या जोशी. तात्या म्हणजे आमच्या गावचे जोशी; चातुर्मासात पोथी तेच वाचत आणि अर्थही तेच सांगत. आज वाचायला मी म्हणून अर्थ आपल्याकडे, असे त्यांनी परस्पर ठरवले होते.

मी घसा साफ केला आणि वाचले, "धिस इज अ फॅट हेन. द हेन इज इन द पेन."

सगळ्यांनी नमस्कार केला.

"मोठी गंभीर भाषा आहे," तात्या म्हणाले. "शब्दशः काय म्हणते, सखाराम?"

मी खाली मान घालून सांगितले, "ही लठ्ठ कोंबडी हाय. कोंबडी खुराड्यात हाय."

माय पदर सावरू लागली. बाबांचा चेहरा पडला. पोराला उमरावतीला ठेवून कोंबडी निघाली!

पण तात्या काही साधे नव्हते. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "वा! कोंबडी म्हणजे कोण? जीव! खुराडं म्हणजे काय? हा देह! आणि लठ्ठ कशानं झाली? किसना, तूच सांग!"

"कशानं, महाराज?" बाबांनी विचारले.

"वासनेनं!"

"बाप्पा!" म्हणून बाबांनी दोन्ही कानांना हात लावले. मला हे शाळेत कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी इतिहासापेक्षा इंग्रजीत जास्त लक्ष घातले असते.

रोजची गर्दी वाढत गेली. कुत्रा आला, त्याचा अर्थ निघाला. टोपी आली, तिचा त्याहून मोठा अर्थ निघाला. शेवटी साखर वाटायची. कित्त्याचीही तीच गत. 'मी चांगला मुलगा आहे' हे इंग्रजी वाक्य मी पानभर गिरवताना मायने पाहिले आणि तिला वाटले, हे पोरगे नामजप लिहून राहिले. ते पान तिने जपून घेतले आणि दृष्ट लागू नये म्हणून गोठ्याच्या दाराला शेणाने चिकटवले. (आमच्या म्हशीला ते वाक्य कोणत्याच अंगाने लागू नव्हते.)

अशात उमरावतीचा अडत्या गावात आला. तो आमच्या ओसरीवर कापूस बाजूला सारून बसला, बाबांच्या हातावर उपरणे टाकले आणि त्याखाली बोटे दाबू लागला. कापसाचा भाव असाच ठरतो. दोघांची बोटे बोलतात, बाकीच्यांनी तोंडे पाहायची. म्हणून भाव काय होता हे मला आजही माहीत नाही. एवढेच सांगतो की उपरण्याखाली बराच वेळ हालचाल चालली होती आणि बाबांच्या भुवया टोपीत शिरल्या होत्या.

"देऊन टाका, किसनराव," अडत्या म्हणाला. "असा भाव पुन्हा नाही."

"थांबा. पोथीले इचारतो."

आमच्याकडे अडचणीला ही रीत आहे. पोथी मिटलेली असते, घरचा कर्ता डोळे मिटून ती उघडतो आणि पानावर सुपारी ठेवतो. सुपारीखाली जे निघेल तो कौल. तात्या घरून पोथी आणायला उठले, पण वाटेतच थबकले.

"किसना, कापूस जातो कुठे?"

"इलायतले."

"मग आमच्या पोथीला विलायतेचं काय ठाऊक? हा प्रश्न इंग्रजी पोथीलाच विचारला पाहिजे."

बाबांना ते इतके पटले की त्यांनी मांडीवर थाप मारली. मी म्हणालो, "बाबा, ते पयल्या वर्गाचं पुस्तक हाय. त्याले कापसाचं काय माईत?"

"तुले माईत हाय का?"

"नाई."

"मंग चूप बस अन् वाच!"

बाबांनी डोळे मिटले, पुस्तक उघडले, सुपारी ठेवली. ती ज्या पानावर बसली ते प्रश्नोत्तरांच्या सरावाचे पान होते. वर मांजराचे चित्र. मी काय करणार? वाचले.

"इज इट अ डॉग? नो, इट इज नॉट अ डॉग. इज इट अ रॅट? नो, इट इज नॉट अ रॅट. इज इट अ हेन? नो—"

"थांब," बाबा म्हणाले. "हे घडीघडी 'नो, नो' काय म्हनते?"

"नाई म्हनते."

"कोन नाई म्हनते?"

"पुस्तकच. इचारते बी तेच, अन् नाई बी तेच म्हनते."

"पानभर?"

"पानभर."

तात्यांनी या वेळी अर्थ सांगितला नाही. गरजच नव्हती. बाबांनी सुपारी उचलून कपाळाला लावली आणि अडत्याला म्हणाले, "नाई जमत, शेठ. सरकारी पुस्तकात साफ नाई म्हनलं हाय."

अडत्या दचकला. 'सरकारी पुस्तकात' हे त्याच्या कानाला लागले. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा लाल फडक्याकडे पाहिले, आणि सायबाकडची काही आतली बातमी या पोराला लागली आहे असा ग्रह करून घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि उपरण्याखाली आणखी जोरात बोटे दाबली!

"पायलं?" बाबा मायला म्हणाले. "भाव चढला! पुस्तक खरं बोललं."

"अवो, मंग आता तरी द्या ना," माय म्हणाली. "चूल पेटवाची म्हनलं तरी जीव धाकधूक करते."

"एका सालात एकाच खेपी इचारते पोथीले. काय महाराज?"

"एकदाच," तात्या म्हणाले.

सुट्टी संपवून मी शाळेत गेलो. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "मागच्या पानापासून पुढे चला." मी पान उलटले. वर तेच मांजर होते, आणि खाली: "इज इट अ कॅट? येस, इट इज अ कॅट."

पानभर 'येस'!

आमचा वर्ग सुट्टीआधी 'नाही'पर्यंत आला होता. 'होय' नाताळानंतर होते.

त्या दिवशी वाचताना मी प्रत्येक 'येस'ला अडखळलो. मास्तरांना वाटले, सुट्टीत सराव केला नाही. त्यांनी मला बाकावर उभे केले. सगळ्या शाळेत माझ्याइतका सराव कोणी केला नसेल!

होळीच्या सुट्टीत घरी आलो तरी कापूस घरात होता. त्यात उंदरांनी घरे केली. पुस्तकात नाही म्हटले असले तरी ते होते. आणि त्याच दिवसांत उमरावतीच्या बाजारात बोभाटा झाला की लढाई मिटते आहे. अडत्या आला, पण आता तो घाईत होता. त्याने उपरणे टाकले आणि लगेच उचलले. दाराआडून माय म्हणाली, "बाप्पा, इतक्यातच हात काढला?"

त्यावरून मी समजायचे ते समजलो. उन्हाळ्यात घरी गेलो तो नांगराची मूठ मनात धरूनच. बैलजोडी आली नव्हती. बाबांनी मला पुढ्यात बसवले, लाल फडके सोडले आणि ते पान काढले.

"याच्या पुढल्या पानावर काय हाय?"

मी वाचले.

"येस म्हंजे?"

"होय."

बाबांनी मांजराच्या चित्रावर बोट ठेवले. "मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"तवा तो धडा झाला नोता, बाबा."

बाबांनी पुस्तक मिटले आणि मायला हाक मारली. "अवं, पोथी खरी हाय. वाचनारा अर्धा हाय. याले आता पुरा शिकू दे. शेत अर्धलीनं, अर्ध्या पिकावर, दुसऱ्याले देऊ, पन एक पान सोडू नको म्हन त्याले!"

मी शिकलो तो असा. हुशारीने नव्हे, अपुरेपणाने.

आज मी मुंबईस कॉलेजात आहे. त्या पानाची भरपाई करावी म्हणून या वर्षी मी जिवापाड मेहनत घेतली. व्यापाराविषयीचा एक जाड ग्रंथ कोशाच्या आधाराने वाचला, कापसाच्या भावाचे रकाने रोज पाहिले, आणि माझी खात्री झाली की भाव आता उतरणार, बाबांनी लवकर विकावे. 'या खेपी मोठा ग्रंथ घेऊन नाताळात येतो' एवढेच घरी पत्राने कळवले; बाकीचे तिथे जाऊन सांगायचे. बोलायचे काय ते पाठही केले.

परवा अचानक तात्या जोशी दारात उभे! आगगाडीत बसायचे आणि समुद्र पाहायचा म्हणून आले होते. पाणीसुद्धा देण्याआधी मी विचारले, "तात्या, आमचा कापूस?"

"विकला की! अर्धा तर झाडावर बोंडातच होता. अडत्याचा हात उपरण्याखाली किती वेळ होता म्हणून सांगू! तुझी माय नुसती हसत होती."

मला अतिशय आनंद झाला. नवी बैलजोडी डोळ्यांपुढे आली. "पण बाबांना कळलं कसं," मी विचारले, "की या वर्षी लवकर विकावा?"

तात्यांनी माझ्या मेजावरच्या त्या जाड ग्रंथाकडे पाहून हात जोडले.

"किसना म्हणाला, पोरगा नाताळात घरी येऊन राहिला, अन् या खेपी पोथी मोठी हाय. तो यायच्या आत इकून टाका!"