डाव्या गालाचा फोटो

सोळाव्या वर्षापासूनच्या एकाही फोटोत माझा डावा गाल दिसत नव्हता. नागपूरला दर जयंतीला पांढरे कपडे घालून घरच्यांचा फोटो निघतो, त्यातही नाही. फोटो आई काढते. आधी मला खांद्याला धरून वळवते, मग फोन हातात घेते. दोघींनाही याची इतकी सवय झाली होती की त्याबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वयात येताना सगळ्यांना येतात तसल्या या पुटकुळ्या नव्हत्या. कातडीखाली खोल गाठी यायच्या, ठणकायच्या आणि जाताना खड्डा ठेवून जायच्या. परदेशात लायडनला संशोधनाच्या नोकरीवर आले तोवर मी पुष्कळांचे सल्ले ऐकून घेतले होते. इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, आधी एक जेल दिलं. त्याने उशीच्या अभ्र्यांचा रंग उडाला, फोड तसेच राहिले. मग अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या. त्या थांबवल्या की गाडी पुन्हा मूळ पदावर. उरलं होतं ते आयसोट्रेटिनॉइन. हे औषध कडक असतं, रक्त तपासत घ्यावं लागतं आणि त्या काळात गर्भ राहिला तर बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून डॉक्टर ते सहजी देत नाहीत. मला ते लवकर हवं होतं, कारण नवे खड्डे पडत होते आणि पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही.

त्याच सुमारास लॉकडाउन लागला. मला भेटायला आलेली आई विमानं बंद झाल्यामुळे माझ्याकडेच अडकली, आणि दवाखान्यात अगदी गरजेशिवाय कुणाला घेईनात. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, चेहऱ्याचा फोटो पाठवा, तो बघून ठरवू.

फोटो अर्थातच आईने काढला. मला तोंड धुवायला लावलं, पावडर लावली, पडदा अर्धा ओढला आणि खांद्याला धरून वळवलं. माझी लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. मी न बघताच फोटो पाठवून दिला. उत्तर आलं की त्वचा बरीच निवळलेली दिसते, जेलच चालू ठेवा, उन्हाळ्यानंतर बघू. मग मी फोटो उघडला. त्यात मी एखाद्या स्थळाला पाठवण्याजोगी दिसत होते.

मला राग आला आणि तो मी आईवर काढला. डॉक्टरला आजार दाखवायचा असतो, एवढं तिला कळू नये? ती कांदा चिरत होती. डॉक्टर झाली तरी परकीच ना, ती म्हणाली. परक्यासमोर आपली पोरगी अशी कशी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मला खिडकीशी बसवलं. केस मागे बांधले, पडदा पूर्ण सरकवला, चष्मा लावला, फोन गालाजवळ आणला. मग फोन खाली घेऊन ती नुसतीच बघत राहिली. या गालाला तिने वर्षानुवर्षं मसुराचं पीठ चोळलं होतं, पण तेव्हा तिचं लक्ष मला उपदेश करण्याकडे असायचं.

“हात लावला तर दुखते काय?”

“उशीला टेकला तरी दुखतो.”

“मी तर चोळत होती.”

मला तिचं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. तिने फोटो काढले, डावीकडून, खालून, अगदी जवळून. त्यातला एकही बघवत नव्हता.

औषध मिळालं. आईने मला एकच विचारायला लावलं, पुढे मुलं होतील ना. गोळ्या बंद केल्यावर महिनाभर थांबायचं, मग अडचण नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सुरुवातीला फोड उलट वाढले, ओठ सोलून निघाले, हसलं की रक्त यायचं. गोळी स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायची असते हे कळल्यावर आई वरणावर दुप्पट तूप ओतू लागली, जणू औषध नागपूरहूनच आलं होतं.

भारतात परत नेणारी खास विमानं सुरू झाली तेव्हा तिलाही जागा मिळाली. शिपोल विमानतळावर प्रवाशांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. दाराशी तिने पिशवी खाली ठेवली आणि फोन काढला. मी सवयीने वळले.

“सरळ बघ,” ती म्हणाली. “आणि मास्क काढ.”