होडी कुणी पुसली

हळदीच्या व्यापारात मी कुणाला एक पैसा सोडला नाही, मग हातचा पहिला नंबर कसा सोडू? तरुणपणी सांगलीत, कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत आमची होडी आधी पोचली होती आणि पंचांनी निशाण दुसऱ्यांना दिलं. दरवर्षी मी घाटावर शर्यत बघायला जातो आणि शेजारी असेल त्याला हे ऐकवतो.

यंदा शेजारी पन्नाशीचा एक उंच माणूस होता. वल्ही पडतील तसे त्याचे खांदे हलत होते. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावचा, म्हणाला. वल्हं पहिल्यांदा पाहिलं ते पलटणीत. पुढं देशाकडून परदेशात शर्यती खेळला.

"पदक?" मी विचारलं.

"थोडक्यात हुकलं. चौथं आलो."

"मग पंचांना धरलं का न्हाई?"

"आवं, आदी बोट खांद्यावर घेतली, धुतली, पुसली. जिंका न्हाईतर हरा, बोट वली ठेवायची न्हाई. पुसंस्तवर राग निम्मा झालता."

मी माझी हकिकत तावातावानं सांगितली. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकली.

"आन तुमची होडी कुणी पुसली?"

मला आठवेना.

खाली हरलेली पोरं पंचांशी भांडत होती, होडी चिखलात पडली होती. तो गळ्यातला टॉवेल काढत पायऱ्या उतरला. भांडणात पडायला मीही उतरलो आणि होडीपाशीच थांबलो.

"तरी नंबर आमचाच व्हता," पुसता पुसता मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "त्या कडंला वलं राहिलंय बगा."