शिडीवरून की स्टुलावरून

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, फिरत्या चाकावर काचा घासण्यात ताईची चाळीस वर्षं गेली. हाडाची कारागीर. काचेच्या कडेचा केसाएवढा फरकही तिच्या बोटांना कळायचा. स्वतःला काय होतंय हे मात्र तिला कळत नसे, आणि कळलं तरी त्याचं काही वाटत नसे. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला दुकानाचा मालकसुद्धा.

सख्खा भाऊ एकच, धाकटा. त्याचं वागणं बघण्यासारखं होतं. चार वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कॅन्सर झाला आणि नऊ वर्षांच्या ताईच्या कमरेच्या हाडातला मगज, डॉक्टरांच्या भाषेत बोन मॅरो, काढून त्याला दिला. आईने तिला एवढंच सांगितलं होतं, "तुझ्याकडे भरपूर आहे, त्याला थोडं द्यायचं." जसं काही ताटातलंच उचलून द्यायचं होतं. धाकटा जगला. चांगला टक्कल पडेपर्यंत जगला. पण तेव्हापासून ताईपुढे त्याने कधी आवाज चढवला नाही. पाणी आलं की आधी ताईला, बरी खुर्ची ताईला. सख्ख्या भावाबहिणीने पन्नास वर्षांत एकदाही भांडू नये, याला काय प्रेम म्हणायचं? देवघरातल्या मूर्तीशी कोण भांडतं!

दोन वर्षांपूर्वी ताईचं मनगट मोडलं. कामाच्या स्टुलावरून उतरताना पाय अडकला, हात टेकला आणि कट्‌कन आवाज झाला. स्टूल दीड फुटाचं. मागच्या थंडीत शिंक आली आणि बरगडी गेली. शिंकेने! तिला हसूही आलं नाही, रडूही आलं नाही. दोन्ही वेळा मनात एकच आलं, धाकट्याला कळता कामा नये. तो लगेच पन्नास वर्षं मागे जाईल, माझ्यामुळेच झालं म्हणेल, आणि मग उरलेल्या आयुष्यात तळहाताचा फोड जपावा तसं तिला जपत बसेल. म्हणून दोन्ही वेळा तिने ठोकून दिलं, "शिडीवरून पडले रे." दोन्ही वेळा तो नुसतं "बरं" म्हणाला.

मग इस्पितळातून पत्र आलं. लहानपणी भावंडाला मगज दिलेली माणसं आता म्हातारी होताहेत, त्यांच्या हाडांचं काय झालं, हे तपासायचं होतं. ताई गेली नसती, पण पत्र धाकट्याच्या हाती लागलं. तो म्हणाला, "मी येतो सोबत." आणि आलाच, पाण्याची बाटली पिशवीत घालून.

आधी तिला यंत्राच्या पलंगावर उताणं झोपवलं. यंत्राचा हात वरून सावकाश सरकत गेला. ताईला काही वाटलं नाही. मग एका छोट्या खोलीत तपशील लिहून घेणारी मुलगी समोर बसली. चुणचुणीत होती, पण घाई नव्हती तिला.

"काकू, मगज दिल्यामुळे हाडं मोडतात, असं आमचं म्हणणं नाही बरं का," ती म्हणाली. "ते अजून ठाऊकच नाही. इतकी वर्षं देणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून आम्ही विचारतोय. मनगट कसं मोडलं?"

शेजारी धाकटा बसला होता. ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"शिडीवरून पडले."

"आणि बरगडी?"

"तीच शिडी."

मुलीने दोन रकान्यांत रेघ मारली. "मग ही दोन्ही मोजता येणार नाहीत. उभ्या माणसाच्या उंचीवरून किंवा त्याहून खालून पडून मोडलेलीच आम्ही धरतो. शिडीवरून कुणाचंही हाड मोडेल."

"बरं," ताई म्हणाली. सुटले, असं तिला वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

"शिडी माझ्याकडे आहे," धाकटा म्हणाला.

ताई त्याच्याकडे वळली.

"चार वर्षं झाली. दिवे बदलायला नेली ती परत आणलीच नाही. माझ्या जिन्याखाली उभी आहे!" आणि तो ओरडला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ताईवर ओरडला. "दोन वर्षं गप्प बसलो मी! तुला वेड्यात काढायला मीच सापडतो का? तुझं दुखलेलं मला कळू द्यायचं नाही, हे ठरवताना मला विचारलंस?"

"मला विचारलं होतं का कुणी?"

हे ताईच्याच तोंडून निघालं होतं. धाकट्याचा चेहरा पडला, पण त्याने मान खाली घातली नाही.

"विचारलं असतं तर?"

ताईने विचार केला. खरं काय ते तिला पहिल्यांदाच शोधावं लागत होतं.

"तर नाही म्हटलं असतं. सुईला घाबरायचे मी. फार घाबरले होते रे." एवढ्या वर्षांनी ती भीती तिला नऊ वर्षांच्या पोरीसारखी, जशीच्या तशी वाटली. तिने डोळे पुसले आणि मुलीकडे वळली. "लिही गं. मनगट स्टुलावरून. दीड फूट. आणि बरगडी शिंकेने."

"शिंकेने?" धाकट्याने विचारलं.

"शिंकेने. हसायचं असेल तर हस."

तो हसला नाही. त्याने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, आधी स्वतः घटाघटा प्यायला आणि उरलेलं पाणी ताईच्या हातात दिलं.