ओदिलच्या कुरणातली वाट

रेजिस बोनार्दोला नियमांचं वेड होतं. आमच्या डोंगरातल्या गावाची शाळेची बस त्यानेच आयुष्यभर चालवली, आणि शेवटच्या पोराचा पट्टा लागल्याशिवाय इंजिन सुरू केलं नाही. एकदा तर चिखलाचे बूट घालून आली म्हणून मुख्याध्यापिकेलाच त्याने खाली उतरवलं होतं. पोरं त्याला मागून ‘ठाणेदार’ म्हणायची. मीही म्हणायची, पण तोंडावर.

मग शाळा बंद पडली, बसही गेली, आणि रेजिसला दिवस खायला उठला. बायको नाही, पोरं नाहीत. सकाळपासून माझ्या खानावळीत बसून तो इतरांच्या गाड्या कशा चुकीच्या लावल्यात ते सांगत राहायचा. मी वैतागून म्हटलं, “अरे बाबा, कुठेतरी फिरायला जा. माझी गिऱ्हाइकं पळतायत.” त्याने ते मनावर घेतलं आणि एक जुनी ग्रॅव्हल सायकल आणली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र जाड, खडी आणि चिखल तुडवणारे. बस चालवताना ज्या आडवाटा त्याने नुसत्या काचेतून बघितल्या होत्या, त्या सगळ्यांत तो घुसला. जंगलातली लाकडं ओढायची वाट, तळ्याकाठची, पडक्या गिरणीमागची, अशा जोडत जोडत त्याने एक मोठी फेरी उभी केली.

जिथे वाट कुणाच्या जमिनीतून जायची, तिथे तो दारात जाऊन उभा राहायचा. मग टेबलाशी बसणं, पांढऱ्या वाईनचा एक ग्लास, हवापाण्याच्या गप्पा आणि शेवटी हळूच मुद्दा. आमच्या मोर्व्हांच्या डोंगरांत असल्या कामाला कागद लागत नाही, शब्द पुरतो.

सगळ्यांत अवघड गेली ओदिल गोते. विधवा बाई, शारोले जातीच्या पांढऱ्या गायींचा कळप एकटी सांभाळणारी, आणि जीभ अशी की पशुवैद्यसुद्धा तिच्याकडे जायचं म्हणजे आधी माझ्याकडे कॉफी पिऊन धीर गोळा करायचा. तिच्या कुरणातून जाता आलं नाही, तर फेरीला खालच्या मोठ्या रस्त्यावर उतरावं लागलं असतं, जिथून लाकडाचे ट्रक अंगावर येतात. रेजिसने तिचे तीन-चार ग्लास रिचवले तेव्हा कुठे ती म्हणाली, “जाऊ दे तुझ्या त्या रंगीत कपड्यांतल्या पोपटांना. पण फाटक उघडं दिसलं, तर तुला धरेन. त्यांना नाही, तुला.”

“ओदिल, फाटकाच्या बाबतीत तू मला शिकवणार?” असं तो म्हणाला होता.

आणि खरंच, फेरीचं नाव ऐकून बाहेरगावाहून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला तो माझ्या दारात उभं करून शिकवायचा: बंद फाटक उघडलंत तर बंद करा; उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, कारण शेतकऱ्याने ते कारणाने उघडं ठेवलेलं असतं. आमच्याकडचा हा जुना रिवाज आहे. लोक मान डोलवायचे आणि धिरडी मागवायचे. डुकराच्या चरबीत भाजलेली आमची जाड धिरडी आता पार लिऑन शहरापर्यंत माहीत झाली होती. खोटं कशाला बोलू, माझी खानावळ त्या फेरीवरच चालत होती.

त्या सप्टेंबरात पहिल्यांदाच सगळ्यांची मिळून एक फेरी ठरली होती, रविवारी. त्याच्या आधीच्या मंगळवारी दुपारी रेजिस लालबुंद होऊन माझ्याकडे आला. “पेपरवाल्याचा फोन होता! फोटो काढायला येतायत माझा!” मी म्हटलं, “मग दाढी कर.” तो इतका खूश होता की स्वतःच्या ग्लासबरोबर माझाही भरला.

बुधवारी सकाळी ओदिलची नुआझेत नावाची गाय मेलेली सापडली. कुरणाचं फाटक सताड उघडं होतं, आणि गायी समोरच्या शेतातल्या कोवळ्या, दवाने भिजलेल्या लसूणघासात शिरल्या होत्या. असला ओला घास खाल्ला की गायीचं पोट फुगतं; बाकीच्यांच्या कुशीत सुई घालून पशुवैद्याने त्यांची पोटफुगी उतरवली. नुआझेतच्या वेळी फार उशीर झाला होता. कळपातली सगळ्यांत शहाणी गाय ती, आणि पोटात वासरू.

ओदिलने त्याच दिवशी फाटकाला साखळी घातली. दुपारी माझ्या काउंटरपाशी येऊन ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वाट बंद. काल संध्याकाळी दोन पोपट गेलेत माझ्या कुरणातून. कोण आहेत ते शोधा.” आणि मग सगळी खानावळच सायकलवाल्यांवर तुटून पडली. शहरी, माजोरडे, बापाची जमीन समजतात, हे नि ते. रेजिस कोपऱ्यात बसला होता. एरवी असल्या वेळी त्याचं भाषण सुरू झालं असतं, पण तो ताटातलं हॅम नुसतं सुरीने कापत बसला. मला वाटलं, बिचाऱ्याची फेरी गेली, म्हणून गप्प असेल.

शुक्रवारी ते दोघे आपणहून आले. लिऑनचं तरुण जोडपं, मातिल्द आणि कोम. जवळच राहुटी ठोकून राहिले होते आणि बातमी त्यांच्या कानावर गेली होती. ओदिल होतीच. मातिल्द तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, त्या संध्याकाळी आम्हीच गेलो होतो. पण फाटक आधीपासून उघडं होतं. गायी आतच चरत होत्या. आम्हाला वाटलं, तुम्हीच ठेवलंय. उघडं दिसलं तर उघडंच ठेवायचं, असं यांनी सांगितलं होतं.” तिने रेजिसकडे बघितलं.

“माझं फाटक? उघडं?” ओदिल म्हणाली. “माझं लग्न झालं तेव्हापासून ते फाटक कुणी उघडं बघितलेलं नाही. वर ‘बंद करा’ म्हणून पाटी लावलेली आहे.”

“पाटी आम्हाला दिसली नाही,” कोम पुटपुटला.

“हो ना! डोळेही शहरातच विसरून आलात.”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमचंच चुकलं असेल,” ती म्हणाली. “आम्ही थांबून कुणाला तरी विचारायला हवं होतं.” ती माफी मागायला लागली, न केलेल्या गोष्टीची, आणि आम्ही सगळे ती मागू देत होतो.

तेव्हा रेजिस उठला. खुर्ची पडली, ती त्याने उचललीसुद्धा नाही.

“ओदिल, ते मी उघडं टाकलं.”

कुणालाच काही कळेना. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. पाटी त्यानेच मंगळवारी बसवली होती. तिचे नट मागच्या बाजूने आवळायचे म्हणून त्याने फाटक बाहेर उघडून कुंपणाला टेकवलं. तेवढ्यात फोन वाजला. खाली खोलगट भागात आवाज तुटतो म्हणून तो सायकल ढकलत टेकाडावर चढला. फोन त्या पेपरवाल्याचा. बोलणं झालं आणि तो वरूनच दुसऱ्या बाजूने उतरून थेट माझ्याकडे आला. पाटी कुंपणाकडे तोंड करून राहिली, म्हणून या पोरांना ती दिसलीच नाही.

“बुधवारी तू सांगितलंस तेव्हाच मला आठवलं,” तो म्हणाला. “तेव्हाच.”

“आणि दोन दिवस गप्प बसलास.”

“रविवार झाला की सांगणार होतो. फेरी होऊ दे म्हटलं.”

ओदिल त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“गाय मरते, रेजिस,” ती म्हणाली. “विसरतं माणूस. मीही कधी विसरेन. पण या पोरीला मी तोंडाला येईल ते बोलत होते, आणि तू ऐकत बसला होतास. मला खोटं पाडलंस तू, माझ्याच गावात.” मग ती मातिल्दकडे वळली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “मला माफ कर, बाळा. रविवारी तुम्ही सगळे या. साखळी काढते. वाट सगळ्यांना मोकळी.” दारातून तिने मागे बघितलं. “तू सोडून.”

रविवारी फेरी झाली. उन्हं चांगली पडली होती. पेपरवाला आला, तर त्याला रेजिसने माझ्याकडे पाठवून दिलं आणि फोटो धिरड्यांचा निघाला. कुरणाच्या तोंडाशी रेजिस स्वतः उभा राहून एकेकाला आत सोडत होता. मातिल्द थांबली, म्हणाली, “चला ना आमच्याबरोबर.” तो म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे.” शेवटचा माणूस आत गेल्यावर त्याने फाटकाची कडी लावली, सायकल वळवली आणि मोठ्या रस्त्याला लागला.

तेव्हापासून तो तसाच जातो. पावसात, धुक्यात, ट्रक कानाजवळून जात असताना. माझा जीव वर-खाली होतो. या वसंतात शेवटी ओदिलच माझ्याकडे आली. काउंटरवर बोटं वाजवत बसली आणि म्हणाली, “नादेज, त्या गाढवाला सांग, झालं तेवढं पुरे. एखाद्या ट्रकखाली यायचा. म्हणावं, ये माझ्या कुरणातून.”

त्याच दिवशी रेजिस पाणी भरायला थांबला, तेव्हा मी त्याला सांगितलं. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा उजळेल. त्याने बाटलीचं झाकण आवळलं, खाली बघितलं आणि म्हणाला, “तिला म्हणावं, आभारी आहे. पण अजून नाही.”