फोटोतून कापलेला मासा

सुहास मयेकर गेल्याचं मला मराठी मंडळाच्या ईमेलवरून कळलं. नोकरीनिमित्त व्हँकुव्हरजवळचं कोक्विटलाम सोडून मी दूर पूर्वेला मार्कहॅमला आलो, तरी मंडळाच्या यादीतून माझं नाव कुणी काढलेलं नाही. हळदीकुंकू, घरटी एक पदार्थ आणायचं पॉटलक, मृत्यू अशा बातम्या सारख्याच उत्साहानं येत राहतात. ईमेलमध्ये 'समाजभूषण' वगैरे होतं. सुहासनं ते वाचलं असतं, तर "कोण गेलं?" म्हणून विचारलं असतं. खाली फोटो होता. चेहरा सोनेरी, नजर झुकलेली, हात कोपरात वाकलेले आणि तिथेच फोटो कापलेला. माणूस नमस्कार करतोय असं वाटावं. मी तो फोटो लगेच ओळखला, कारण तो मीच काढला होता. सुहास नमस्कार करत नव्हता. त्याच्या हातात मासा होता.

कॅनडात वाळवंट आहे हे नागपूरच्या नातेवाइकांना मी अजून पटवू शकलेलो नाही. पण व्हँकुव्हरच्या पावसातून पूर्वेला चार-पाच तास गाडी हाकली की डोंगर कोरडे पडत जातात, निवडुंग दिसू लागतं, सापांपासून सावध राहा अशा पाट्या येतात, आणि त्या सगळ्या रखरखाटात ओसोयूसचं तळं, खाली धरण बांधून पातळी राखलेलं. उन्हाळ्यात सुहास तिथे रात्री क्रॅपी धरायला जायचा. क्रॅपी म्हणजे तळहातापेक्षा जरा मोठा, चपटा, काळ्या ठिपक्यांचा मासा. अंधार पडला की काठाजवळ येतो. सुहास मालवणचा, पुलांची डिझाइन्स करणारा इंजिनिअर. मी मासा फक्त ताटात पाहिलेला. पहिल्याच रात्री दोरीला ओढ लागली तशी मी काठी जिवाच्या आकांतानं खेचली. गळ रिकामा वर आला.

"पतंग काटतोयस काय रे?" सुहास म्हणाला. "याचा ओठ पापडासारखा असतो. तेलातून पापड काढतोस ना, तसा उचल."

दिवा दाखवून मासे भुलवणं तिथल्या नियमात बसत नाही, म्हणून कंदील तो काठावर पाठीमागे, पाण्यापासून लांब ठेवायचा. समोर महागड्या बोटी तरंगत असायच्या, त्यांत पडद्यावर मासे दाखवणारी यंत्रं. "टीव्हीच बघायचा तर घरी बसा म्हणावं," एवढाच त्याचा त्यांच्यावरचा अभिप्राय. एकदा बराच वेळ काही लागलं नाही, तेव्हा म्हणाला, "हा मासाही इथला नाही, बरं का. कुणीतरी बाहेरून आणून सोडला. सरकारला नकोसाच आहे. पण एक बघ... आल्या आल्या मंडळ नाही काढलं त्यानं."

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे 'सर' म्हणतात. ते कुणालाही काहीही शिकवत नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सुहासची मासेमारी 'आपल्या लोकांना शोभत नाही' असं ते पॉटलकला सर्वांदेखत सांगायचे. आणि सुहास ओसोयूसहून परतला की घरी ग्रोसरीचं कारण सांगून त्याच्या गॅरेजमध्ये हजर व्हायचे. तिथे फ्रीझरवर ताटली ठेवून, रवा लावून तळलेला क्रॅपी उभ्या उभ्या खायचे आणि काटे स्वतःच पिशवीत बांधून नेऊन वाटेत टाकायचे. आपल्या संस्कृतीचं रक्षण इतक्या काळजीनं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शोकसभेसाठी मी विमानानं गेलो. पडद्यावर तोच फोटो, भिंतीएवढा. सर म्हणाले, "चेहऱ्यावर कसं आध्यात्मिक तेज आहे बघा!" तेज कंदिलाचं होतं. गळ सोडवायला तो उजेडाकडे वळला, तेव्हा मी बटण दाबलं होतं. सुहासची मुलगी ऋता माझ्या कानात म्हणाली, "काका, बाबा वुड हॅव वॉक्ड आउट."

सभा संपल्यावर सुहासच्या पत्नी, नीला वहिनी, सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला पूर्ण फोटो दिला होता. निदान स्मरणिकेत तरी पूर्ण छापा."

"वहिनी, गणपतीची स्मरणिका ती. त्यात मासा? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही आमच्या गॅरेजमध्ये खात होतात, तेव्हा लोक काय म्हणत होते?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. "तो... वेगळा संदर्भ होता."

वहिनी आवाज न चढवता म्हणाल्या, "गेली कितीतरी वर्षं ते इतकं हसलेले मी दुसऱ्या कुठल्याच फोटोत पाहिले नाहीत. माझ्या शेजारीसुद्धा नाही. कशाला बघून हसले, ते तरी राहू द्या त्यांच्यापाशी." सर 'कमिटीत विषय घेतो' म्हणाले. विषय घेतला गेला. स्मरणिकेत सुहास नमस्कारच करणार आहे.

परत निघण्याआधी वहिनी मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. फ्रीझरवर आता ताटली नाही. तो कंदील आहे, काच काजळलेली, कुणी पुसलेली नाही. वर भिंतीवर अख्खा फोटो. दोन्ही हातांवर ओला मासा, नुकत्याच जन्मलेल्या मुलाला धरावं तसा, आणि त्याच्याकडे बघून हसणारा सुहास. माशाचा ओठ कुठेही फाटलेला नाही.

त्याची एक प्रत वहिनींनी माझ्या हातात दिली. तोच फोटो या लेखासोबत पाठवतो आहे. संपादकांना एकच विनंती केली आहे : जागा कमी पडली, तर लेख कापा.