माझ्या लग्नाचं राहिलेलं रडणं

माझ्या लग्नात माझी याडी, म्हणजे आई, रडली नाही. आमच्या बंजारा तांड्यात ही गोष्ट साधी नाही. लेक सासरी निघाली की मायलेकी गळ्यात पडून चालीवर रडतात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. याला ढावलो म्हणतात. त्यात सगळं येतं: अंगणातला लिंब, दावणीची गाय, बापानं घेऊन न दिलेले पैंजण, शिवाय नवरदेवाकडच्यांना एखाददुसरा टोमणा. माझी याडी यात पटाईत. महागावच्या आजूबाजूला कुणाची पोर उजवायची असली की बाया आधी तिचीच चौकशी करायच्या. तिनं सूर लावला की मंडपवालाही डोळे पुसायचा.

आणि माझ्या वेळी ती खांबाला टेकून बसून राहिली. मी गळ्यात पडले, एक ओळ टाकली, दुसरी टाकली, पुढच्याही माझ्या मीच टाकल्या. जीपमध्ये बसेपर्यंत मी एकटी रडले, आणि त्यातलं निम्मं रडणं रागाचं होतं. मागून मावशी कुजबुजली, "पोरगी जड झालती वाटते." पांढरकवड्याला सासरी पोचेपर्यंत मी तोंड वर केलं नाही.

याडी रुसली नव्हती, आजारी होती, हे कळेपर्यंत कापूस वेचणीला आला. ती बोलेना, झोपेना, मग जेवेनाशी झाली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं वय आहे. गोळ्या सुरू झाल्या, बदलून झाल्या. शेवटी यवतमाळच्या एका दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "हे नैराश्य फार खोल गेलंय. त्यांनी खाणंपिणं सोडलंय, आता वाट बघत बसायला नको. मेंदूला विजेचा उपचार देऊ." चुंबकाची मशीनही असते, म्हणाल्या, पण त्यासाठी रोज यावं लागतं आणि गुण सावकाश येतो. मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन म्हणजे फार पुढची गोष्ट, तीही मोठ्या शहरातली.

वीज म्हटल्याबरोबर माझा बाप खुर्चीवरून उठला. आमच्याकडे शेताभोवती तार ओढून तिला झटका मशीन लावतात, रानडुकरांसाठी. दर मोसमात तो स्वतः निदान एकदा तरी त्या तारेला चिकटतो, आणि मग दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

"मॅडम, डुकराइले देते थो झटका माह्या बायकोले देता काय?"

"नाही हो बाबा. त्या झोपलेल्या असतील, भूल देऊन. काही सेकंदांचं काम."

"सोलरवर हाय का लाइनीवर?"

मॅडमनी आयुष्यात बरेच प्रश्न ऐकले असतील, हा नसावा. त्यांनी न हसता सगळं समजावलं. स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात, त्यामुळे अंग उसळत नाही, फार तर पायाची बोटं थरथरतात. नंतर डोकं दुखेल, थोडं गोंधळल्यासारखं होईल. मागच्या काही महिन्यांचं विसरायला होईल, त्यातलं बरंच परत येतं, काही येत नाही. बाप म्हणाला, "हे महिने इसरली तं बरंच हाय," आणि सही केली. पहिल्या दिवशी मात्र तो दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन सोलरचं पॅनल आहे का ते बघून आला.

मी सासरी परतले होते, बाप फोनवर खबर द्यायचा. पहिल्या वेळेनंतर काही नाही. दुसऱ्या वेळेनंतर काही नाही. मी फोन ठेवायचे आणि मला वाटायचं, माझी याडी आता गेलीच, फक्त बसून आहे. मग एका सकाळी तो ओरडतच होता, "मले शिवी देल्ली व तिनं! म्हणे दाढी कर, भिकाऱ्यावानी दिसतं!" इतक्या आनंदानं शिवी सांगणारा माणूस मी पाहिला नाही. पुढच्या खेपेनंतर तिनं कँटीनच्या चहाला नावं ठेवली. मी पहिली बस पकडली.

वॉर्डात ती पलंगावर बसून वेणी घालत होती. मला पाहून हसली. मग तिचे डोळे माझ्या गळ्यावर थांबले.

"हे मंगळसूत्र कवा?"

मी बापाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघू लागला.

"उन्हाळ्यात झालं व याडी, लग्न. तू होती."

"मी होती?" तिनं माझी जोडवी बघितली, पुन्हा गळा बघितला. "मंग मी रडली का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिनं माझं खोटं कधीच चालू दिलेलं नाही. "नाही," मी म्हटलं.

तिनं हातातली वेणी सोडून दिली. वाटलं, झालं, एका शब्दानं सगळं घालवलं. याडी पलंगावरून उतरली. ओढणी डोक्यावर घेतली. चपला नीट घातल्या. मग दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि असा सूर लावला की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली.

लिंब आला, गाय आली, पैंजण आले. न आठवणाऱ्या जावयाचा उद्धार झाला. मग तिनं दवाखानाही त्यात ओवला: पाण्याचा चहा आला, डुकरांच्या मशीनला भिणारा माझा बाप आला. ती खऱ्या अश्रूंनी रडत होती, माझा खांदा भिजत होता, आणि तांडा कधी न पाहिलेल्या वॉर्डातल्या बायाही पदर डोळ्यांना लावत होत्या. कित्येक महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

नर्स धावली, तिच्यामागे मॅडम धावल्या. "काय झालं? कधीपासून रडतायत? काल तर छान होत्या!"

बाप छाती काढून आडवा उभा राहिला. "काही नाई झालं मॅडम. बरी झाली. ऐका तं खरं, असं कोनी रडत नाई आमच्याकडे."

मॅडम तिच्याजवळ गेल्या, त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, का रडताय?"

याडीनं नाक पुसलं. "लेक सासरी चालली न माही. मंग रडू नाई तं काय करू?" आणि मला एक चिमटा काढला. "तू काहून गप? उचल न व ओळ. एकटीनंच रडाचं असते का?"

मी तोंड उघडलं. सगळ्या ओळी पाठ होत्या, लग्नात याच ओळी मी एकटीनं म्हटल्या होत्या. पण मला रडूच येईना. मी तिच्या गळ्यात पडून इतकी हसत होते की मला नर्सनं धरून ठेवलं होतं, आणि याडी माझ्या वाटच्याही ओळी स्वतःच रडत होती.